चौतीसशे डॉलरची अक्कलदाढ आणि ‘वेटिंग पिरियड’चा घोळ

प्रश्न थोडक्यात असा. वय २५, न्यू जर्सीत मास्टर्स संपवून सध्या ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच मिळणारी कामाची परवानगी). खालची डावी अक्कलदाढ दोन महिन्यांत दोनदा सुजली आणि दोन्ही वेळा अँटिबायोटिकने उतरली. ओरल सर्जनने चारही अक्कलदाढा काढायला सांगितल्या आणि ३,४०० डॉलरचं एस्टिमेट हातात ठेवलं. विद्यापीठाचा आरोग्य विमा ऑगस्टच्या मध्यापर्यंत आहे आणि १८ ऑगस्टला नोकरीवर रुजू व्हायचं आहे. ऑनलाइन पाहिलेल्या प्रत्येक डेंटल प्लॅनला (इथे दातांचा विमा वेगळा असतो) सहा किंवा बारा महिन्यांचा वेटिंग पिरियड (हप्ते भरूनही मोठ्या कामाला पैसे मिळत नाहीत तो काळ) आहे, तर तो नसलेला एखादा चांगला प्लॅन सुचवाल का?

मी चौदा वर्षं न्यू जर्सीतच एका ओरल सर्जनच्या ऑफिसात इन्शुरन्सचं काम बघते. दाढ काढणारे डॉक्टर आत असतात आणि ‘हे पैसे कोण देणार’ हे शोधणारी मी बाहेर काचेमागे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते पैशांच्या बाजूने. दाढ काढायची की नाही, हे तुमचे डॉक्टर सांगतील.

एकच गोष्ट मात्र वैद्यकीय. दाढ पुन्हा सुजली आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, ताप आला, गिळायला त्रास होऊ लागला किंवा सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरायला लागली, तर विम्याचा विचार बाजूला ठेवून थेट इमर्जन्सी रूम गाठा. त्या अवस्थेत ते प्रकरण दाताचं राहत नाही. तो खर्च डेंटलकडे नाही, आरोग्य विम्याकडे जातो. असे पेशंट दर वर्षी दोन-तीन तरी येतात, आणि बहुतेक जण ‘पुढच्या महिन्यात इन्शुरन्स सुरू होणार होता’ म्हणून थांबलेले असतात.

आता तुमचा प्रश्न. प्लॅन मी सुचवणार नाही, कारण ‘वेटिंग पिरियड नसलेला प्लॅन’ शोधण्यातच गफलत आहे. असे प्लॅन मिळतात, भरपूर मिळतात. कंपनी वेटिंग पिरियड काढते आणि तोच पैसा दुसऱ्या खिशातून वसूल करते. कधी पहिल्या वर्षी शस्त्रक्रियेला फक्त २० टक्के मिळतात आणि दुसऱ्या वर्षापासून ५०. कधी वार्षिक मर्यादा, म्हणजे विमा वर्षभरात जास्तीत जास्त देतो ती रक्कम, हजार डॉलरवर अडते. कधी हप्ताच जास्त असतो. विचारायचं ते हे, की माझ्या दाढेवर जे कोड (बिलावरचे उपचारांचे ठरलेले क्रमांक) लागणार आहेत, त्यांना हा प्लॅन पहिल्या वर्षी प्रत्यक्षात किती देईल.

आकडे मांडून बघू. हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमचे वेगळे असतील. समजा, महिना ४२ डॉलरचा, वेटिंग पिरियड नसलेला प्लॅन घेतला. वर्षाचे झाले ५०४. तुमचं ३,४०० चं बिल नेटवर्कमधल्या (विमा कंपनीशी करार असलेल्या) सर्जनकडे कंपनीने ठरवलेल्या दराने समजा २,१०० वर आलं. त्यातून ५० डॉलर डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम) वजा केलं, उरलेल्या २,०५० चे २० टक्के म्हणजे ४१०. हप्ते भरले ५०४ आणि विम्याने दिले ४१०. विमा म्हणून हा व्यवहार तोट्याचाच झाला. तरीही एकूण खर्च ३,४०० वरून २,१९४ वर आला. ही बचत विम्याच्या टक्क्यांतून आली नाही, नेटवर्कच्या दरातून आली. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या दहापैकी आठ जणांना ही गोष्ट ठाऊक नसते. म्हणून मी आधी विचारते, ‘आमचं ऑफिस तुमच्या नेटवर्कमध्ये आहे का?’ बाकीचं नंतर. तुमचा सर्जन कोणत्याच नेटवर्कमध्ये नसेल तर वेटिंग पिरियड असो वा नसो, हा सगळा हिशेब कोलमडतो. ओरल सर्जन बऱ्याचदा नेमके नेटवर्कच्या बाहेर असतात.

तुमच्या प्रश्नातल्या ज्या दोन ओळी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत, त्याच मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. विद्यापीठाचा विमा अजून चालू आहे आणि १८ ऑगस्टला नोकरी सुरू होते आहे.

आधी विद्यापीठाचा विमा. ‘तो तर मेडिकल, दाताला चालत नाही’ असं सगळेच धरून चालतात. मीही चालत होते, आणि ते मला महागात पडलं. खरं तर माझ्या पेशंटला पडलं. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एका मुलाच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा पूर्ण हाडात रुतलेल्या होत्या. मी क्लेम सरळ डेंटलला पाठवला, १,५०० डॉलरची वार्षिक मर्यादा त्यात संपली आणि फाइल बंद केली. चार महिन्यांनी त्याच मुलाला दुसऱ्या दाताची रूट कनाल निघाली, आणि डेंटलमध्ये एक पैसा उरलेला नव्हता. नंतर कळलं की त्याच्या मेडिकल प्लॅनच्या पुस्तिकेत हाडात पूर्ण अडकलेल्या दाढांची शस्त्रक्रिया कव्हर असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. क्लेम आधी तिकडे पाठवायला हवा होता. तो मुलगा काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून मी कुठलीही पुस्तिका अर्धवट वाचत नाही.

म्हणून तुमच्या विद्यापीठाच्या प्लॅनची पूर्ण पुस्तिका उघडा. दोन पानी सारांश नको, जाड पीडीएफ हवी. त्यात ‘इम्पॅक्टेड’ हा शब्द शोधा. काही विद्यार्थी प्लॅनमध्ये अडकलेल्या अक्कलदाढेसाठी छोटीशी तरतूद असते, काहींत सरळ नकार असतो. पुष्कळ मेडिकल प्लॅन हाडात पूर्ण अडकलेली दाढ मान्य करतात, पण हिरडीखालची करत नाहीत. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते दाढ किती रुतली आहे, यावर.

इथे कोडबद्दल जरा सविस्तर, कारण याच चार अंकांवर पैसा फिरतो. अमेरिकेत दातांचे नंबर १ ते ३२, आणि अक्कलदाढा म्हणजे १, १६, १७ आणि ३२. तुमची दुखरी खालची डावी म्हणजे १७. बाहेर आलेली दाढ साधी ओढून काढली तर कोड डी ७१४०. बाहेर आलेली, पण कापून किंवा हाड तासून काढावी लागली तर डी ७२१०. फक्त हिरडीखाली असेल तर डी ७२२०, अर्धी हाडात असेल तर डी ७२३०, पूर्ण हाडात असेल तर डी ७२४०. खर्च वाढत जातो तो याच क्रमाने. कुठला कोड लागणार हे एक्स-रेवरून ठरतं आणि कधी कधी प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत बदलतं. बहुतेक प्लॅन पहिला कोड ‘बेसिक’मध्ये, म्हणजे साध्या उपचारांत धरून ८० टक्के देतात. पुढचे कोड काही प्लॅन ‘बेसिक’मध्ये धरतात, काही ‘मेजर’मध्ये, म्हणजे मोठ्या उपचारांत ढकलून ५० टक्के देतात. वेटिंग पिरियड सहसा ‘मेजर’ला जास्त लांब असतो. म्हणजे एका कंपनीत जी दाढ सहा महिने थांबते, तीच दुसऱ्या कंपनीत बारा महिने थांबू शकते.

भूल वेगळी धरा. शिरेतून देतात त्या भुलेचे कोड पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने लागतात, आणि बरेच प्लॅन दाढ कव्हर करतात पण भूल नाकारतात. चार दाढांच्या एस्टिमेटमध्ये भुलेचे पाच-सहाशे डॉलर सहज असतात. फक्त हिरडी बधिर करून एकच दाढ काढायची असेल तर हा खर्च गळून पडतो. मात्र दाढ खोल असेल आणि तुम्ही घाबरट असाल, तर तिथे काटकसर करू नका.

आता नोकरी. कंपनीच्या ग्रुप डेंटल प्लॅनला बहुतेक वेळा वेटिंग पिरियड नसतो. एकट्या माणसाला विकलेल्या प्लॅनला तो असतो, कारण दाढ दुखायला लागल्यावरच लोक तो प्लॅन घेतात हे कंपनीला ठाऊक असतं. ग्रुपमध्ये निरोगी लोकही असतात, म्हणून ती भीती नसते. मात्र दोन गोष्टी सांभाळा. रुजू झाल्यावर साधारण ३० दिवसांच्या आत डेंटलवर टिक करावी लागते. ती खिडकी हुकली तर पुढच्या ओपन एन्रोलमेंटपर्यंत (वर्षातून एकदा येणारा विमा निवडायचा काळ) थांबावं लागतं, आणि उशिरा येणाऱ्यांना काही ग्रुप प्लॅन वेटिंग पिरियडही लावतात. दुसरं म्हणजे कव्हर कधी सुरू होतं ते एचआरला विचारा. अनेक कंपन्यांत ते पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून असतं, म्हणजे तुमच्या बाबतीत १ सप्टेंबर. काही कंपन्या पहिल्या दिवसापासून देतात, काही तीन महिने लावतात.

वरचंच २,१०० चं उदाहरण ग्रुप प्लॅनला लावून बघा. ८० टक्के आणि १,५०० ची मर्यादा असेल तर ५० वजा जाता हिशेब १,६४० चा होतो, पण मर्यादेमुळे मिळतात १,५००, आणि तुमच्या खिशातून जातात ६००. ५० टक्के असेल तर विमा देतो १,०२५ आणि तुम्ही १,०७५. दोन्ही आकडे ऑनलाइन प्लॅनपेक्षा कितीतरी बरे, आणि हप्ताही पगारातून करापूर्वी कापला जातो.

उरलेल्या रकमेसाठी एक गोष्ट आवर्जून करा. कंपनी हेल्थ केअर एफएसए (उपचारांच्या खर्चासाठी पगारातून करापूर्वी पैसे बाजूला काढायचं खातं) देत असेल तर घ्या. २०२६ सालासाठी त्याची मर्यादा ३,४०० डॉलर आहे. पैसे दर पगारातून थोडे थोडे कापले जातात, पण वर्षाची पूर्ण ठरवलेली रक्कम कव्हरच्या पहिल्याच दिवशी वापरता येते. सप्टेंबरमध्ये दाढ काढली आणि तोवर तुमचे जेमतेम शंभर डॉलर कापले गेले असले, तरी ठरवलेले सगळे, समजा हजार डॉलर, मिळतात. एचएसए या उपचारांसाठीच्या बचत खात्याचं तसं नाही. त्यात जेवढे जमा झाले असतील तेवढेच हातात येतात. मात्र एफएसएचा पैसा वर्षाअखेर बहुतांशी बुडतो, म्हणून अंदाज काढून मगच आकडा टाका.

मग सप्टेंबरपर्यंत थांबता येईल का? हे मात्र परिस्थितीवर आहे. दोनदा सूज येऊन गेली आहे, तिसरी कधी येईल सांगता येत नाही. डॉक्टरांना मोघम ‘थांबू का’ विचारू नका. ‘सहा आठवडे थांबलो तर धोका काय, आणि फक्त १७ नंबर आत्ता काढला तर?’ असं विचारा. हा दुसरा प्रश्न पेशंट विचारतच नाहीत. चारही एकदम काढण्याची इथे पद्धत आहे, एकदाच भूल आणि एकदाच सुट्टी हे तिचं कारण खरंही आहे. पण ब्रिटनमध्ये २००० सालापासून एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला, सूचना आहे की त्रास नसलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत. दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत. तुमच्या वरच्या दोन दाढा बिनतक्रार असतील, तर त्यांचं ‘का’ विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक सोय. बहुतेक प्लॅनची वार्षिक मर्यादा १ जानेवारीला नव्याने सुरू होते. डाव्या बाजूच्या दोन सप्टेंबरमध्ये आणि उजव्या दोन जानेवारीत काढल्या, तर दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. भुलेचा खर्च दोनदा होतो, सुट्टीही दोनदा घ्यावी लागते. मर्यादा हजारची असेल तर हे परवडतं, दोन हजारांची असेल तर बहुधा नाही.

नोकरीची वाट बघता येत नसेल, तर एकट्याच्या प्लॅनमध्ये डीएचएमओ प्रकार बघा. त्याला सहसा वेटिंग पिरियड आणि वार्षिक मर्यादा दोन्ही नसतात. टक्केवारीऐवजी प्रत्येक कोडसमोर ठरावीक रक्कम छापलेली असते, त्यामुळे फसगत कमी. अडचण अशी की डेंटिस्ट त्यांच्या यादीतलाच निवडावा लागतो, सर्जनकडे जायला त्याची चिठ्ठी लागते, आणि यादीतला सर्जन पंधरा मैलांच्या आत मिळेलच असं नाही. शिवाय अशा प्लॅनमध्ये ‘लक्षणं नसलेली अक्कलदाढ कव्हर नाही’ अशी ओळ असते. तुमच्या १७ नंबरला ती आडवी येणार नाही, वरच्या दोघींना येऊ शकते.

डिस्काउंट कार्ड म्हणजे विमा नव्हे, हेही सांगून ठेवते. ‘वेटिंग पिरियड नाही, सगळे आजार मान्य’ अशी जाहिरात दिसली की बहुधा तेच असतं. एक मुलगी असं कार्ड घेऊन आली होती आणि क्लेम कुठे पाठवायचा म्हणून विचारत होती. क्लेम नसतोच, फक्त दर कमी होतो. वर्षाची फी दीड-दोनशे आणि दरात खरोखर घट असेल, तर ते वाईट नाही. फक्त आपण काय विकत घेतो आहोत हे माहीत असावं. कमी खर्चाचा आणखी एक रस्ता दंत महाविद्यालयांचा. नेवार्कला रटगर्सचं आहे, मॅनहॅटनमध्ये एनवाययूचं. वेळ जास्त जातो, पण देखरेखीला अनुभवी शिक्षक उभे असतात.

हे वाचणाऱ्या, नोकरी नुकतीच सुटलेल्यांसाठीही दोन ओळी. जुन्या कंपनीचा डेंटल कोब्राखाली (नोकरी सुटल्यावरही हप्ता स्वतः भरून कंपनीचा विमा चालू ठेवू देणारा कायदा) चालू ठेवायला निर्णयासाठी ६० दिवस मिळतात, आणि तिथे वेटिंग पिरियड नव्याने लागत नाही. काही कंपन्या आधी सलग डेंटल विमा असल्याचं पत्र दाखवलं तर नव्या प्लॅनचा वेटिंग पिरियड माफ करतात, मात्र मधे खंड फार नसावा आणि आधीच्या प्लॅनमध्येही ‘मेजर’ असावं. भारतातल्या पॉलिसीचं पत्र इथे सहसा चालत नाही.

एक विनंती मात्र कोणत्याही ऑफिसात करू नका. ‘ऑगस्टमध्ये काढा आणि बिलावर सप्टेंबरची तारीख टाका.’ वर्षातून एकदा तरी कोणीतरी काचेतून वाकून हळूच हे विचारतं. तो सरळसरळ फ्रॉड आहे. आमचं लायसन्स जाईल, आणि व्हिसावर असलेल्या माणसाने तर हे तोंडातूनही काढू नये. उलट दिलासा असा की एक्स-रे आधी निघाला किंवा निदान आधी झालं, म्हणून नवा डेंटल प्लॅन सहसा दाढ नाकारत नाही. कव्हर सुरू झाल्यानंतर शस्त्रक्रिया झाली की पुरे.

आणि ‘भारतात जाऊन काढून येऊ का’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरचे सुचवत असणारच. पुण्या-ठाण्यात अडकलेल्या एका दाढेला साधारण पाच ते पंधरा हजार रुपये लागतात, म्हणजे चारही काढून तिकिटाचे पैसेही निघतील असं वाटतं. तिकडे जायचंच असेल आणि दाढ शांत असेल, तर जरूर काढा, फक्त परतीच्या आधी दहा-बारा दिवस हातात ठेवा. हाड उघडं पडून ठणका लागतो तो बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, आणि तेव्हा विमानात नसावं. पण ओपीटीवर नोकरी सुरू व्हायच्या तोंडावर, त्यातून व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर, केवळ दाढेसाठी देश सोडणं मला पटत नाही.

उद्या सकाळी तीन फोन करा. सर्जनच्या ऑफिसला: पॅनोरॅमिक (पूर्ण जबड्याच्या) एक्स-रेची प्रत आणि एस्टिमेट दाढेनिहाय कोडसकट हवं. एकरकमी ३,४०० घेऊन कोणालाच काही विचारता येत नाही. मग विद्यापीठाच्या विम्याला: हे कोड मेडिकलमध्ये बसतात का, आणि आधी मंजुरी लागते का. मंजुरीचं उत्तर यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि तुमच्याकडे साधारण पाच आठवडे आहेत, म्हणून हा फोन लांबवू नका. तिसरा एचआरला: डेंटल कधी सुरू, कोणती कंपनी, अक्कलदाढ ‘बेसिक’ की ‘मेजर’, वार्षिक मर्यादा किती, एफएसए आहे का. प्रत्येक फोनवर समोरच्याचं नाव, तारीख आणि कॉल रेफरन्स नंबर लिहून घ्या. क्लेम अडकला की मी पेशंटकडे पहिली मागते ती हीच चिठ्ठी.

दाढेनिहाय कोड हातात आले की ते इथेच लिहा. हिशेब पुन्हा मांडून देते.